पंप कंपनीचा फुटबॉल क्लब आणि एक न संपलेली मॅच

आमच्या क्लबचा इतिहास सांगायचा तर आधी एक कबूल करायला हवं. तो फुटबॉल क्लब म्हणून जन्माला आलाच नव्हता. तो कबड्डीचा संघ होता.

मुलुंडच्या त्या पंप कंपनीत निम्म्याहून जास्त कामगार कोकणातले. त्यांनी कबड्डीच्या मैदानाची मागणी केली. मोठे साहेब नुकतेच परदेशातून आलेले. त्यांनी मैदान दिलं, पण फुटबॉलचं. बोर्डावर नोटीस लागली की इच्छुकांनी नावं द्यावीत. आठ दिवस गेले, एक नाव आलं नाही. शेवटी वेल्फेअर खात्याच्या क्लार्कने आधीच टाइप करून ठेवलेली कबड्डीची यादी काढली, वरचं 'कबड्डी' खोडलं आणि 'फुटबॉल' लिहिलं. सात खेळाडू, पाच राखीव. एकूण बारा. म्हणजे अकरा आत आणि एक बाहेर. इतकं चपखल बसलं की कोणाला तक्रारसुद्धा करता येईना.

हे मी बघितलेलं नाही. त्या बारांत माझा मामा होता, त्याने सांगितलेलं. पहिल्याच मॅचला समोरचा फॉरवर्ड बॉल घेऊन आत आला, तर आमच्या चौघांनी हात धरून साखळी केली, त्याला कॉर्नरला घेरला आणि आडवा पाडला. वर टाळ्या पिटल्या. रेफ्रीने शिट्टी मारली तेव्हा यांना वाटलं पॉइंट मिळाला. आमचा फॉरवर्ड तर त्याहून भारी. मधली रेष ओलांडायच्या आधी वाकून मातीला हात लावायचा, तो कपाळाला लावायचा आणि मग समोरच्यांच्या हद्दीत शिरायचा. बॉल मारला की गोल झाला का ते न बघता वळायचा आणि धावत येऊन रेषेला पाय टेकवायचा. आउट न होता परत येणं महत्त्वाचं! क्लबचा पहिला गोल झाला तेव्हा मारणाऱ्याची पाठ होती. त्याला दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये कळलं.

पुढे सगळ्याच कंपन्या बाहेरून खेळाडू आणून नोकरीला ठेवायला लागल्या, तशी आमची कंपनीही लागली. म्हणजे सकाळी मशीनवर उभं राहायचं, दुपारी सुटी घेऊन खेळायचं, पगार कंपनीचा. याला आम्ही प्रोफेशनल म्हणायचो. त्यात एकच मेख होती. दोनशे चाळीस दिवस सलग भरले की टेम्पररी माणूस पर्मनंट करावा लागायचा. म्हणून कंपनी जूनमध्ये खेळाडू घ्यायची आणि सीझनची शेवटची मॅच झाली की दुसऱ्या दिवशी ब्रेकचं पत्र हातात ठेवायची. पुढच्या जूनमध्ये पुन्हा टेम्पररी, पुन्हा पहिला दिवस.

आमचा गोलकीपर असे सहा ब्रेक खाऊन बसला होता. सातवा सीझन चालू होता. त्याचं लग्न दहिसरला ठरलेलं, म्हणजे ठरून चार वर्षं झालेली. मुलगी तयार, आई तयार, मुलीचा बाप म्हणायचा, "आधी पर्मनंट. मग अक्षता." बाप जुना गिरणी कामगार. संपात गिरणी गेली ती गेलीच, तरी याचं पर्मनंटचं वेड गेलं नाही. कीपर एकदा हिंमत करून म्हणाला, "मामा, तुम्ही पण पर्मनंट होतात ना? काय झालं?" तर म्हातारा म्हणाला, "मी पर्मनंट होतो. गिरणी पर्मनंट नव्हती. त्यात माझी काय चूक?"

त्या वर्षी वेल्फेअर साहेब बोलून गेले होते की टीम वरच्या डिव्हिजनला चढली तर कीपर पर्मनंट. नाही चढली तर सातवा ब्रेक. आणि म्हाताऱ्यानेही सांगून टाकलं होतं की सातव्या ब्रेकनंतर तो दुसरं स्थळ बघणार. एवढं सगळं त्या बिचाऱ्याच्या दोन हातांवर होतं. आणि त्यात मी आलो.

मी कुडाळचा. शाळा, कॉलेज सगळं उरकलं होतं, उरकलं हाच शब्द. मला एकच गोष्ट यायची, दुसऱ्याचा आवाज काढणं. हेडमास्तर, एसटीचा कंडक्टर, बांगडेवाली, बांगडेवालीशी घासाघीस करणारी माझी आई. आई आतून ओरडायची, "मी हय आसय, मग थंय कोण भांडता?" याच्यावर नोकरी मिळत नाही हे माझ्या बाविसाव्या वर्षी घरच्यांच्या लक्षात आलं आणि मला मामाकडे पाठवलं. मामाने वेल्फेअर साहेबांना सांगून टाकलं, "साहेब, भाचा माझा. कुडाळचा सेंटर फॉरवर्ड."

कुडाळात तेव्हा फुटबॉल म्हणजे शाळेच्या कपाटातली ब्लॅडर गेलेली एक वस्तू होती. मी मामाला म्हटलं, "मामा, मी बॉलला पाय लावलेला नाही."

"मगे? मी लावलेलंय काय नेमणूक झाली तेव्हा?"

ट्रायलच्या आधीच्या रविवारी मी मैदानाच्या कडेला बसून खेळाडू नीट बघून घेतले. ट्रायलला मी फुटबॉल खेळलोच नाही, फुटबॉलपटूची नक्कल केली. स्टॉकिंग्ज वर ओढल्या. थुंकलो. कमरेवर हात ठेवून आकाशाकडे बघितलं. बॉल दुसऱ्या बाजूला असताना जोरात पळालो आणि तो माझ्या बाजूला यायला लागला की पोटरी धरून खाली बसलो. एकदा रेफ्रीकडे बघून दोन्ही हात असे पसरले की साहेब खुर्चीतून उठले.

"मुलगा अनुभवी वाटतो," साहेब म्हणाले. "पण बॉल कमी लागला पायाला."

"साहेब, सपोर्ट नाय मिळाला त्याला," मामा म्हणाला.

मला लेफ्ट विंगला टाकलं. तिकडे बॉल कमी येतो असा मामाचा अनुभव होता. मामा स्वतः फुलबॅक, वय चव्वेचाळीस, शिवाय क्लबचा सेक्रेटरी.

तिसऱ्या की चौथ्या मॅचला ते घडलं. समोर गोवंडीची टीम होती. त्यांचा कीपर टेम्पोवर क्लीनर, आवाज फाटलेला, दर दोन मिनिटांनी आपल्या बॅकवर खेकसायचा, "छोड़ रे, मेरा है!" मी लांब उभा. मला कंटाळा आला की माझं तोंड आपोआप चालतं. आमच्या कोणीतरी एक बॉल आंधळा पुढे ढकलला, त्यांचा बॅक आरामात मारायला गेला, आणि माझ्या तोंडातून डिट्टो टेम्पो निघाला, "छोड़ रे, मेरा है!"

बॅकने सोडला. कीपर जागेवरच उभा, कारण तो ओरडलाच नव्हता. बॉल दोघांच्या मधून रमतगमत गोलमध्ये गेला. बॅक कीपरला शिव्या घालतोय, कीपर बॅकला घालतोय, आणि आमची टीम एकमेकांना विचारतेय की गोल नेमका कोणी मारला.

हाफटाइमला मामाने मला बाजूला घेतलं. "मेल्या, ता तू ओरडलंस?"

"सवय रे मामा. चुकलं का?"

मामाने लिंबू चोखत बराच विचार केला. "चुकला कसला? कबड्डीत तोंड बंद केलंस तर आउट. हय तोंड चालवलंस तर गुन्हो? ह्यो खंयचो न्याय?"

झालं. क्लबला धोरण मिळालं. त्या सीझनला मी जो काय सराव केला तो गळ्याचा. मॅचच्या आधीच्या रविवारी समोरच्या कीपरचा आवाज ऐकायला जायचो. बोरिवलीच्या कीपरचं इस्त्रीचं दुकान होतं, तर एकच शर्ट तीनदा इस्त्री करून आणला. तिसऱ्या वेळी तो चिडला, आणि मला चिडलेलाच आवाज हवा होता. मानखुर्दचा कीपर घुम्या. टपरीवर दोन तास त्याच्या शेजारी बसलो, तोंडातून शब्द नाही. शेवटी त्याच्या पायावर चहा सांडला, तेव्हा मिळाला. टीम जिंकत सुटली. वेल्फेअर साहेबांनी आम्हाला बोलावून विचारलं, "तुमची स्ट्रॅटेजी काय आहे?" मामा म्हणाला, "साहेब, आम्ही समोरच्याला समजून घेतो."

इथपर्यंत ठीक होतं. पण आवाज एकदा गळ्यात बसला की तो मॅचपुरता राहत नाही. आमच्या कीपरचा आवाज रोज कानावर पडायचा, तो सगळ्यात झकास बसला. कॅन्टीनमध्ये माझा हिट आयटेम म्हणजे कीपर दहिसरला सासऱ्यासमोर बसलाय तो. "हो मामा... नाही मामा... साहेब बोललेत मामा... ह्या वर्षी नक्की मामा..." लोक जेवण टाकून हसायचे. कीपर पण हसायचा. "ए टेप," मला तो टेपच म्हणायचा, "माझ्यापेक्षा तू जा रे दहिसरला. तुझं जास्त पटेल त्यांना."

मग मी हेच प्रॅक्टिसला सुरू केलं. बॉल मामाकडे आला की मी कीपरच्या आवाजात, "सोड, माझा!" मामा सोडायचा, गोल व्हायचा, सगळे लोळायचे. एकदा झालं. दोनदा झालं. तिसऱ्यांदा मामाने चिखलातून उठून मला मैदानभर पळवलं आणि सगळ्यांसमोर शपथ घेतली, "आता ह्या आवाजाक मी परत फसलंय तर बघ!"

शेवटची मॅच अंधेरीच्या एका औषध कंपनीबरोबर. आम्हाला नुसती बरोबरी पुरे होती. कीपर सकाळी सिद्धिविनायकाला जाऊन आला होता, आणि येताना सासऱ्याला घेऊन आला होता. म्हाताऱ्याने जन्मात फुटबॉल बघितला नव्हता. पांढरी टोपी, हातात छत्री, तो सरळ जाऊन आमच्या गोलच्या मागे उभा राहिला. जावयाचं काम जवळून बघायला.

अंधेरीवाल्यांना माझी कीर्ती कळली होती. त्यांनी कानांवर रुमाल बांधले होते, अकराच्या अकरा. रेफ्रीची शिट्टीही त्यांना ऐकू येत नव्हती, त्यामुळे प्रत्येक फाउलनंतर रेफ्रीला धावत जाऊन खांद्यावर थोपटावं लागायचं. माझी सगळी मेहनत फुकट. हाफटाइमनंतर मी लिंबाची फोड तोंडात धरून विंगला नुसता उभा होतो.

संपायला पाच मिनिटं असतील. शून्य-शून्य. त्यांच्याकडून एक उंच बॉल आमच्या गोलसमोर आला. सोपा. कीपर हात पसरून पुढे आला, मामा मागे मागे सरकला, आणि मैदानभर आवाज घुमला, "सोड, माझा!"

मामा हसला. मला लांबून दिसलं, खरंच हसला. शपथ होती ना. त्याने पाय उचलला आणि असा हाणला की चव्वेचाळीस वर्षांत तसा हाणला नसेल. बॉल कीपरच्या डोक्यावरून स्वतःच्याच गोलमध्ये.

मग मामा शंभर यार्डांवरून माझ्याकडे धावत आला. "मेल्या! आजच्या दिवशी पण?"

मी तोंड उघडून लिंबाची फोड दाखवली. अख्खी. सालीसकट. त्या फोडीने नुसता 'हं' सुद्धा म्हणता आला नसता.

मामाच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मला अजून काढता येत नाही. मागे कीपर गोलमध्ये गुडघ्यांवर बसला होता आणि त्याच्या मागे म्हातारा छत्री टेकून उभा. मॅच संपली, एक-शून्य. वाट लागली होती. पण मामा सेक्रेटरी होता. त्याने घाम पुसला आणि रेफ्रीकडे जाऊन म्हणाला, "माझा प्रोटेस्ट आहे. समोरच्या टीमने आमच्या कीपरचा आवाज काढला."

मी म्हटलं, "मामा, हे तर आपण करतो."

"म्हणानच तर म्हायती आसा, गप रव!"

प्रोटेस्ट लीगकडे गेला. सुनावणी दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी, घाटकोपरला एका व्यायामशाळेच्या माळ्यावर. तीन जणांची कमिटी, अध्यक्ष एक रिटायर्ड पीटीचे मास्तर. अंधेरीचे मॅनेजर म्हणाले, "आमच्याकडे नकलाकार नाही. आमच्या पोरांना तर ऐकूच येत नव्हतं." मामा म्हणाला, "ऐकायला येत नव्हतं, बोलायला येत होतं ना?" मास्तरांना हा मुद्दा पटला.

"पण मूळ प्रश्न असा," मास्तर म्हणाले, "की एखाद्याचा आवाज दुसऱ्याला इतका हुबेहूब काढता येतो का? येत नसेल, तर ओरडला तो तुमचाच कीपर, आणि गोल कायम. येत असेल, तर मॅच पुन्हा."

म्हणून चादर बांधली. डंबेल्सच्या स्टँडला एक टोक, खिडकीला दुसरं. चादरीमागे मी आणि कीपर. एकाने ओरडायचं, मग दुसऱ्याने. कमिटीने ओळखायचं.

"सोड, माझा!" मी.

"सोड, माझा!" कीपर.

खाली रस्त्यावरून कोणीतरी ओरडलं, "घे ना मग, किती वेळ?"

कमिटीतले एक म्हणाले पहिला कीपर. दुसरे म्हणाले दुसरा. मास्तरांनी परत ओरडायला लावलं. आठ वेळा. शेवटी मास्तर म्हणाले की दोन्ही नकला चांगल्या आहेत. कीपर चादरीमागून म्हणाला, "सर, मी ओरिजनल आहे." मास्तर म्हणाले, "ते सिद्ध व्हायचंय." निकाल राखून ठेवला.

दुसऱ्या दिवशी कीपर तोंड पाडून वेल्फेअर साहेबांकडे ब्रेकचं पत्र घ्यायला गेला. साहेबांनी टाइप केलेलं पत्र उचललं, चष्मा लावून वाचलं आणि परत खाली ठेवलं. पत्रात छापील होतं, 'मोसमातील अखेरचा सामना निकाली निघाल्यावर'.

"निकाल लागला का?"

"नाही साहेब. राखून ठेवलाय."

"मग ब्रेक कसा देऊ? जा मशीनवर."

कीपर बाहेर आला तो पायऱ्या मोजत. मामाने बोटांवर हिशोब केला. दोनशे चाळीसला तेवीस दिवस कमी होते. मामाने आम्हा दोघांना स्टोअरच्या मागे नेलं. "ऐका. आता जिंकूचा नाय, हरूचा पण नाय. नुसता लटकत ठेवूचा."

यानंतरचे तीन आठवडे मी कीपरच्या सावलीसारखा राहिलो. त्याचा आवाज रोज थोडा बदलायचा आणि मला बदलायला लागायचं. त्याने सकाळी पोहे खाल्ले तर मी पोहे. दुसऱ्या सुनावणीच्या आदल्या दिवशी त्याला सर्दी झाली. मामा म्हणाला, "तुका पण होवक व्हयी." मी कॅन्टीनच्या नळाखाली दोनदा डोकं धरलं आणि भर दुपारी पंख्याखाली बसलो. रविवारी दोघंही चादरीमागे शिंकत होतो. मास्तरांनी शिंकासुद्धा ओळखायचा प्रयत्न केला. नाही जमलं. तिसऱ्या रविवारी कमिटीतल्या एकाच्या घरी साखरपुडा, म्हणून तहकूब. आम्ही त्याला मनापासून शुभेच्छा दिल्या.

चौथ्या रविवारी दोनशे चाळीसला तीन दिवस उरले होते. मास्तर आल्या आल्या म्हणाले, "आज काय तो सोक्षमोक्ष." आणि अंधेरीचे मॅनेजर हसत होते. त्यांच्या शेजारी पांढरी टोपी आणि छत्री बसली होती.

त्यांनी दहिसरला जाऊन म्हाताऱ्यालाच साक्षीला आणला होता. "हे गृहस्थ कीपरला चार वर्षं ओळखतात. त्या दिवशी गोलमागेच उभे होते. सरळ माणूस आहे. ह्यांना आवाज ओळखता येईल."

कीपरने माझा दंड इतका दाबला की मला त्याची बोटं मोजता आली. म्हातारा खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. गिरणीत बत्तीस वर्षं साच्यांवर, म्हणजे मागांवर, काढली आणि एकदाही उशिराचं खोटं कारण दिलं नाही, हे तो स्वतःच प्रत्येकाला सांगायचा.

चादर बांधली. मी ओरडलो. कीपर ओरडला. मी त्याच्यापेक्षा जास्त कीपर होतो, कारण त्याचा आवाज भीतीने चिरकला होता.

मग चादरीपलीकडून म्हाताऱ्याचा आवाज आला. "मास्तर, एक विचारू? मी सांगितलं तर आजच निकाल लागणार?"

"आत्ताच."

"आणि निकाल लागला की ह्याचा सीझन संपला?"

"संपला की."

"म्हणजे ब्रेक."

"ते तुमच्या कंपनीचं. आमचा काय संबंध?"

खुर्ची करकरली. छत्री जमिनीवर दोनदा आपटली. मी चादरीच्या भोकातून बघितलं. म्हातारा उभा राहिला होता आणि टोपी काढून हातात घेतली होती.

"ह्यातला कोणीच नाही. त्या दिवशी मी ओरडलो."

मामा खुर्चीतून घसरला. अंधेरीचे मॅनेजर म्हणाले, "तुम्ही कसे ओरडाल? तुम्हाला फुटबॉल कळतो का?"

"नाही कळत. बॉल वरून येत होता. हा माणूस पाय उचलतोय आणि माझा जावई हात पसरून उभा. मला वाटलं ह्याचा पाय त्याच्या तोंडावर बसणार. चार वर्षं थांबलोय, दात पडलेला जावई कोण करून घेईल? म्हणून ओरडलो. सोड म्हणून. गुन्हा झाला असेल तर मला शिक्षा करा."

'जावई' हा शब्द त्याने पहिल्यांदाच वापरला. कीपर चादरीमागे खाली बसला.

मास्तरांनी नियमांचं पुस्तक काढलं. पुढून बघितलं, मागून बघितलं. प्रेक्षक बॉलला शिवला तर काय, हे होतं. कुत्रं मैदानात आलं तर काय, हेही होतं. प्रेक्षकाच्या सासरेपणाबद्दल काही नव्हतं. मास्तर म्हणाले, "हा प्रश्न वर पाठवावा लागेल." वर म्हणजे कुठे, हे त्यांनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. तीन दिवस काढायचे होते, ते मशीनवर निघाले.

कीपर पर्मनंट झाला. वेल्फेअर साहेबांनी पत्र देताना दोनदा विचारलं, "तुमची ती मॅच संपली का हो?" वरून उत्तर कधी आलंच नाही, त्यामुळे त्या सीझनच्या तक्त्यात आमच्या क्लबच्या नावापुढे एक मॅच कमीच राहिली. वर चढलो नाही, खाली उतरलो नाही. लग्न वैशाखात, दहिसरला. पंगतीत मी म्हाताऱ्याच्या शेजारी बसलो आणि हळूच विचारलं, "बाबा, खरंच तुम्ही ओरडला होतात?"

म्हाताऱ्याने जिलबी तोडली. "साच्यांच्या गोंगाटात बत्तीस वर्षं काढलीत मी. माझा आवाज पहिल्यापासून मोठाच आहे. तू मठ्ठा घे."

जूनमध्ये नवा सीझन आला आणि कीपरने सरळ सांगितलं, आपण खेळणार नाही. गुडघे दुखतात. साहेब काय करणार, पर्मनंट माणूस. क्लबला कीपर उरला नाही. मामाने रात्रभर नाही, फक्त एक चहा होईपर्यंत विचार केला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "हेचो आवाज तोच आसा. बॅकना सवय आसा. बाकीचा शिकात."

अशा रीतीने क्लबच्या इतिहासात पहिल्यांदाच एक माणूस निव्वळ गळ्याच्या जोरावर गोलमध्ये उभा राहिला. पहिल्या मॅचच्या आधी कीपर मला भेटायला मैदानावर आला. बायको बरोबर होती. त्याने आपले जुने लोकरी हातमोजे माझ्या हातात ठेवले आणि मला जरा बाजूला नेलं.

"टेप, एकच सांगतो. बॉल आला की डोळे मिटायचे नाहीत."

"तू मिटायचास?"

त्याने मागे वळून बायको ऐकत नाही ना ते बघितलं.

"सात वर्षं," तो म्हणाला. "आता पर्मनंट आहे म्हणून सांगतो."